सुकाणूची शिवळ

आमची लेक शेवंता नऊ महिन्यांची झाली, त्या फेब्रुवारीत यांनी ठरवलं की तिला नावेतून फिरवायचं.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. हे आठ वर्षं नौदलात होते. मग वर्ध्याला एका कचेरीत लागले आणि आम्ही बोरगाव मेघेत राहू लागलो. समुद्र सुटला तो यांना सोसला नाही. चौदा फुटांची एक शिडाची नाव यांनी स्वतःच्या हातानं बांधली आणि बोरच्या धरणावर नेऊन ठेवली. दर रविवारी स्कूटर काढून जायचे. शेजारच्या कौशल्याबाई कुंपणावरून विचारायच्या, "गेले का सदाशिवराव समुद्राले?" मी हो म्हणायची.

शेवंता झाल्यापासून मला फारसं काही वाटेनासं झालं होतं. दिसायचं मात्र सगळं. पाळण्याची सैल कडी, जमिनीवर पडलेलं बटण, झोपेत तिचं पोट वर-खाली होतंय की नाही. बी.एस्सी.ला प्रयोगाच्या वहीत नोंदी करायची, तसं मी घर बघायची. भीतीसुद्धा अंगात शिरायची नाही. समोर बसून राहायची, पाहुण्यासारखी.

शिडाच्या नावेत माणसाचे दोन्ही हात अडकलेले असतात. एका हातात शिडाचा दोर, दुसऱ्यात सुकाणूचा दांडा. "लेकीले धरायले एक हात मोकळा पायजे," हे म्हणाले. "म्हणजे सुकाणूनं आपलं आपण चाललं पायजे."

महिनाभर आमच्याकडे जेवताना तेवढाच विषय होता. यांच्या एका जुन्या सोबत्यानं मुंबईहून विजेवर चालणाऱ्या यंत्राचं माहितीपत्रक पाठवलं. त्यात होकायंत्र होतं आणि दांडा ढकलणारी मोटर. पण त्याची बॅटरी आमच्या शेवंताच्या दुप्पट वजनाची, आणि ते यंत्र फक्त दिशा धरणार. धरणावरचा वारा टेकड्यांमधून येतो, घडीघडीला फिरतो. दिशा तीच आणि वारा दुसरा झाला की शीड फाडकन उलटणार. मग यांनी शिडाचा दोर दांड्याला बांधून पाहिला, पलीकडून सायकलच्या ट्यूबचा ताण दिला. दोन रविवार बरं चाललं. तिसऱ्या रविवारी उन्हानं रबर ढिलं पडलं आणि नाव बेशरमाच्या झुडपात शिरली.

शेवटी पत्र्याचं पातं ठरलं. नावेच्या मागच्या टोकाला खांब, खांबावर पातं, पात्यापासून दांड्यापर्यंत दोन दोऱ्या. वारा फिरला की पातं कलणार, दोरी दांड्याला ओढणार, नाव वाऱ्याशी तोच कोन धरून चालणार. आकृती यांनी काढली. कोनांचा हिशेब मी तपासला, तो बरोबर होता.

खांबाचं काम हिंगणीच्या कवडू मिस्त्रींकडे दिलं. आयुष्यभर त्यांनी बैलगाड्या बनवल्या होत्या. त्या रविवारी मीही शेवंताला घेऊन गेले. मिस्त्रींनी आकृतीचा कागद फिरवून फिरवून पाहिला.

"हाकनार कोन याले?"

"कोणी नाई. आपोआप," हे म्हणाले.

"आपोआप तं माही गाडी बी येते. बाजारातून येतानी मी झोपून जातो. बैलायले घर माहीत असते. ह्या पत्र्याले कोनाचं घर माहीत हाय?"

"याले वारा माहीत असते, मिस्त्री. वाऱ्याशी एकदा कोन बांधून दिला का सोडत नाई."

"म्हंजे माह्या बायकोवानी. एकदा धरलं का धरलं." मिस्त्री माझ्याकडे पाहून हसले. "वहिनी, तुमाले नाई म्हनत." मग रंधा बाजूला ठेवून सांगू लागले, "एकडाव मी झोपेतच गाडीखाली पडलो. बैलं धा पावलावर जाऊन उभे. मांगं पाहून राह्यले, हा काऊन नाई येत म्हनून."

मी यांना विचारलं, "आणि तुम्ही नावेतून पडलात तर?"

"दांडा सुटला का नाव वाऱ्याकडं तोंड करते अन् थांबते. तुले माहीत आहे."

"ते आता. पातं बसवल्यावर?"

यांनी कागद पुन्हा हातात घेतला. मिस्त्रींनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बसवल्यावर चालत राहील," हे म्हणाले.

इतक्या दिवसांत हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. थांबणारी नाव आम्ही न थांबणारी करत होतो. शेवंताच्या टोपडीची नाडी सुटली होती, ती बांधली आणि म्हटलं, दोऱ्या दांड्याला बांधू नका, दांड्यात सुटी खुंटी बसवा आणि तिला अडकवा. खुंटीला एक दोर, त्याचं दुसरं टोक तुमच्या कमरेला. तुम्ही पडलात की खुंटी निघेल, दोऱ्या गळतील, दांडा मोकळा.

"शिवळ," मिस्त्री म्हणाले. "जुवाची शिवळ काढली का बैल मोकळा. तशीच."

"अन् ती निघाली, नाव थांबली, तर?" यांनी मला विचारलं.

"तर शेवंताला न्या."

मिस्त्रींच्या समोर दिलेला शब्द होता तो.

पुढच्या रविवारी धरणावर खांब बसला, दांड्यात बाभळीची शिवळ बसली. पातं डोलू लागलं. मी काठावर शेवंताला मांडीवर घेऊन बसले, मिस्त्री शेजारी उकिडवे. नाव खरंच आपली आपण चालली. पाण्यात मध्यावर गेल्यावर यांनी आमच्याकडे पाहिलं आणि कपड्यांसकट उडी मारली.

नाव थांबली नाही. कमरेचा दोर ताणला गेला आणि हे नावेमागे ओढले जाऊ लागले. डोकं पाण्याखाली जायचं, वर यायचं. मी मोजत होते. नऊ वेळा. मग यांनी कमरेची गाठ सोडवली आणि नाव पातं डोलवत एकटी पलीकडच्या काठाला जाऊन लागली. "बाभूळ फुगली," मिस्त्री हळूच म्हणाले. "मीच चुकलो. पान्यात फुगनारच." शेवंता माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. मी ते तिच्या मुठीतून सोडवलं.

हे पोहत पलीकडे गेले आणि नाव घेऊन आले. मिस्त्रींनी शिवळ तासून बारीक केली, चाकाचं वंगण चोपडलं. अर्धा तास बादलीत बुडवून ठेवली, बोटानं ओढून पाहिली. हे तोवर ओल्या कपड्यांत बसले होते. खोकत होते, पण चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "आता पाह्य तू," मला म्हणाले.

दुसऱ्यांदा उडी मारली, तेव्हा दोर ताणला आणि शिवळ निघाली. पातं नुसतंच वाऱ्यावर डोलत राहिलं, दांडा सैल पडला. नाव वळली, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि शीड फडफडू लागलं. मिस्त्री म्हणाले, "थांबली बापा. बैलावानी थांबली."

हे पोहत नावेपर्यंत गेले. चाळीस हात मारावे लागले.

काठाला येऊन यांनी पंच्यानं अंग पुसलं, शिवळ पुन्हा बसवली आणि शेवंतासाठी हात पुढे केले. तीही यांच्याकडे झेपावली. मी तिला सोडलं नाही.

"काय झालं? थांबली ना?"

"थांबली."

"मंग?"

"चाळीस हात मारलेत तुम्ही. दोन्ही हातांनी."

यांना लगेच कळलं नाही. मग कळलं. एक हात शेवंतासाठी मोकळा हवा म्हणून हा सगळा खटाटोप होता, आणि पाण्यात पडल्यावर तो एक हात कुठून आणणार होते? हे स्वतःच्या तळव्यांकडे पाहत उभे राहिले.

"तू शबद देल्ला होता," हे म्हणाले. रागानं नाही.

"दिला होता."

"मिस्त्री, तुमी सांगा."

"मले काऊन मधात घेता जी," मिस्त्री म्हणाले आणि किकरं-रंधा पोत्यात भरू लागले.

मी शब्द मोडला. त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, किंवा लेक वाचली म्हणून हायसं. दोन्ही झालं नाही. मी एवढंच म्हटलं, "तुम्ही जा. ती पोहायला शिकली की बघू."

हे खाली बसून ओल्या विजारीचे पाय पिळू लागले. मग उठले. कमरेचा दोर मी बांधला, शेवंताला काखेत घेऊन एका हातानं, दुसरं टोक दातात धरून. गाठ दोनदा ओढून पाहिली. यांनी नाव लोटली.

वारा चांगला होता. पातं कललं, दांडा आपला आपण हलला आणि नाव सरळ निघाली. बरंच दूर गेल्यावर यांनी आमच्याकडे वळून दोन्ही हात वर केले, रिकामे, बघा म्हणून.

मला हात करता आला नाही. शेवंता आता दोन्ही हातांनी धरावी लागण्याइतकी वळवळत होती.