गिएरीच्या भिडेखातर

नोव्हेंबर सरत आला की डोंगरावरच्या त्या गावात दोनच गोष्टींची कुजबुज असे: बर्फ कधी पडणार आणि आरोग्यविमा कोण बदलणार. महिना संपायच्या आत सोडचिठ्ठी विमावाल्यांच्या हाती पडली तर सुटका, नाहीतर आणखी वर्षभर तिथंच.

बार्लाचा विमा गावच्याच संस्थेत. संस्था म्हणजे किराणा दुकानावरची एक खोली, आणि खोलीत गिएरी. खाली त्याची बायको क्लिया. मीठ-साखर तीच विकायची, टपालही तीच घ्यायची.

"आई, हप्ता पुन्हा वाढला ना?" लेक मेंगिया शहरातून फोनवर करवादली. "दुसरीकडे कितीतरी कमी आहे. सोड आता!"

"अगं, तुझ्या बाबांच्या आजारपणात गिएरीनं किती धावपळ केली..."

"म्हणून जन्मभर? उपकार फेडायला कुणी विमा काढतं का गं?"

लेकीचं काही खोटं नव्हतं. यंदा हप्त्यापायी सरपणात काटकसर चालली होती. शेवटी बार्लानं पत्र लिहिलं. पण क्लियाच्या हाती ते द्यायचं कसं? मग कोट चढवला, टपालाच्या पिवळ्या बसनं खाली इलान्त्स शहरात गेली, तिथं पत्र रजिस्टर केलं आणि रात्री तिथंच लेकीकडे राहिली. किती दिवसांनी डोळ्याला डोळा लागला!

सकाळी परतीच्या बसमध्ये चालकानं मागे टपालाची थैली टाकली, आणि तिनं वळून पाहिलं. पत्र टाकलं कुठूनही, पोचणार कुणाच्या हाती? क्लियाच्याच, आणि तिथून वर गिएरीच्या. वळणावळणाला थैली मागे सरकत होती, जणू तिच्याच पाठीवर बसून घरी येत होती.

तिन्हीसांजेला गिएरी आला. हातात तेच पाकीट, न फोडलेलं.

"इलान्त्सपर्यंत गेलीस होय? एवढी भीड?" तो हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. "पोचपावतीवर अजून सही केली नाही. म्हणशील तर आत्ता करतो."

"रागावलास?"

"छे गं. खरं सांगू? गेल्या वर्षीच सोडणार होतो हे काम. डोळे थकलेत, क्लियाला लेकाकडे जाऊन राहायचंय. पण तुम्ही सगळी माझ्यासाठी संस्थेत थांबलेली. मी कुठल्या तोंडानं उठू?"

तिच्यासाठी दार उघडावं म्हणूनच तो बोलला होता. पण बार्लाच्या डोळ्यांपुढे ती खोली आली, त्यात पेंगत बसलेला हा म्हातारा आला. जो आपल्यापायी अडकून पडलाय, त्याला सोडून पहिल्यानं मीच जाऊ?

"करू सही?" त्यानं पेन काढलं. आवाजात आस होती. सुटण्याची की थांबवण्याची, ते तिला कळलं नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "आण ते इकडे."

गिएरीनं पाकीट दिलं, पेन खिशात घातलं आणि खुर्चीत जड होऊन बसला. बार्लानं त्याच्यापुढे कॉफी ठेवली. चुलीत आणखी एक लाकूड घालावं म्हणून ती वाकली, आणि न घालताच उठली.