एकतिसाव्या पानावरची चूक

ओदील व्हेर्नरेला टाइपरायटर कधीच चालवता आला नाही. म्हणून छापील लेखाची शेवटची ओळ वाचून तिला आधी हसूच आलं. 'काळजीपूर्वक टंकलेखनाबद्दल कुमारी व्हेर्नरे यांचे आभार.' मग तिने उलटून पहिलं पान पाहिलं. नाव प्राध्यापक आर्मां तिसांदिए यांचं होतं आणि आतली चव्वेचाळीस पानं, स्वल्पविरामांसकट, तिची होती.

साल १९५४. बझांसोंच्या प्रयोगशाळेत गणिताच्या कामाला लागून तिला तीन वर्षं झाली होती. सायबरनेटिक्स हा शब्द तेव्हा नवाकोरा होता. यंत्र आपली चूक आपणच कशी ओळखतं आणि सावरतं, त्याचं हे शास्त्र. तिसांदिएंनी दिव्यामागे धावणारा एक पत्र्याचा कुत्रा बनवला होता, आणि रविवारी लोक चर्चमधून परस्पर तो बघायला येत. कुत्रा प्रोफेसरांचा, पण त्याच्या चालण्याचं गणित ओदीलचं.

तिचं प्रमेय सांगायला सोपं होतं. एका खोलीत दोन माणसं आहेत. एकाला उकडलं की तो खिडकी उघडतो, दुसऱ्याला गारठा लागला की तो शेगडीत लाकूड सारतो. दोघांचं आपसात बोलणं नाही. तरी खोली शेवटी एका उबेवर येऊन ठरते का? ठरते, असं ओदीलने सिद्ध केलं होतं. माणसांच्या जागी कुठलीही दोन यंत्रं घाला, ठरतेच.

लेख हातात घेऊन ती तिसांदिएंच्या खोलीत गेली. ते तारेने तंबाखूचा पाइप कोरत बसले होते.

"प्रोफेसर, हे माझं आहे."

"बसा ना. अहो, प्रयोगशाळेत जे घडतं ते प्रयोगशाळेचं. आणि प्रयोगशाळा म्हणजे कोण?"

"तुम्ही."

"बघा, कळतं तुम्हाला." त्यांनी पाइपमध्ये फुंकर मारली. "ब्रसेल्सच्या संमेलनात सव्वीस वर्षांच्या पोरीचं ऐकून कोण घेणार होतं? मी वाचलं म्हणून सगळे उभे राहिले. कौतुक तुमचंच झालं म्हणा की. फक्त तुम्ही तिथे नव्हता."

त्या दिवसापासून ओदीलच्या मनात 'ते' प्रोफेसर 'तो' झाले.

शनिवारी ती मोर्तोला आईकडे गेली. आई, लेओंतीन, घरीच खिडकीशी बसून घड्याळांचे सुटे भाग जुळवायची. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. मान वर न करताच तिने विचारलं, "रडतेयस का?"

"नाही."

"मग जेवून घे. चुलीवर सॉसेज आहे, बटाटे आहेत."

जेवता जेवता ओदीलने सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं आहे ना, मग सिद्ध करून दाखव. अशी खोलात शिर, की चार लोकांसमोर विचारलं तर त्याची बोबडी वळावी."

रविवारी सकाळी ओदील छापील लेख पुढ्यात घेऊन ओळ न् ओळ तपासत बसली. एकतिसाव्या पानावर तिची पेन्सिल थांबली. तिथे तिने गृहीत धरलं होतं की खोलीतल्या उबेची खबर दोघांनाही त्याच क्षणी मिळते. ती जराशी उशिरा मिळाली तर? खोली गार पडू लागल्यावरही एकजण खिडकी सताड उघडून बसेल. ती चांगली तापल्यावरही दुसरा लाकडं सारतच राहील. खोली ठरणार नाही. दर फेरीला जास्तच हेलकावे खाईल.

प्रमेय खोटं होतं. लाजेने तिचे कान तापले. आणि मग, लाज ओसरता ओसरता, तिला दुसरंच काही सुचलं.

"आई, यात चूक आहे."

"कुणाची?"

"माझी. पण छापलीय त्याच्या नावावर."

लेओंतीनने डोळ्यावरचं भिंग काढलं आणि लेकीकडे नीट पाहिलं. "मग इतक्यात तोंड उघडू नकोस," ती म्हणाली. "चढू दे त्याला अजून."

ओदीलने नोकरी सोडली. दोलच्या मुलींच्या शाळेत सहा वर्षं शिकवलं, शिकवता शिकवता प्रबंध लिहिला, आणि पुढे दिजोंच्या विद्यापीठात तिला जागा मिळाली. तिचा विषय ठरलेला होता: उशिरा पोचणारी खबर यंत्राला कशी बिघडवते. काम चोख, बाई रूक्ष, असं तिच्याबद्दल बोललं जाई. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणे, एका माणसाचा विचार करण्यातच दिवस जातो.

तिकडे तिसांदिए पॅरिसला गेला. 'तिसांदिएचं प्रमेय' पाठ्यपुस्तकांत आलं. तो रेडिओवर बोलू लागला, कोटाला सरकारी सन्मानाची लाल फीत आली. ओदीलच्या टेबलाच्या खणात सात ओळींचं एक उदाहरण होतं. प्रमेय पाडायला तेवढं पुरे होतं. दर जानेवारीत ती ते आणखी सुबक करून नव्या कागदावर उतरवी. नवं नियतकालिक आलं की ती उभ्या उभ्याच अनुक्रमणिका वाचून काढी. ही चूक दुसऱ्या कुणाला सापडली तर? आपला घास कुणी उष्टावेल, या धास्तीत तिने वर्षं काढली.

१९६३ साली एक पत्र आलं. लिहिणारा इव्ह केरब्रा, ब्रिटनी प्रांताचा, तिसांदिएच्या हाताखाली प्रबंध लिहिणारा, दोन मुलांचा बाप. 'मादाम, तुमचं विलंबावरचं काम वाचलं. सरांच्या प्रमेयात, एकतिसाव्या पानावर, मला काहीतरी खटकतंय. सरांना विचारलं तर म्हणाले, डोकं तपासून घे. खरं काय ते कळवा. चूक तिथे आहे, की माझ्यात?'

आठ दिवस पत्र तिच्या पर्समध्ये फिरलं. मग तिने एका ओळीचं उत्तर लिहिलं: 'आपली आकडेमोड पुन्हा तपासावी.' हे काही खोटं नाही, असं स्वतःला बजावत तिने पाकीट बंद केलं. केरब्राचं पत्र पुन्हा आलं नाही.

आणखी चार वर्षांनी ती वेळ आली. देशातल्या विद्वानांच्या सर्वांत मोठ्या मंडळात तिसांदिएची निवड होणार, हे जवळपास ठरलं होतं. त्याआधी पॅरिसमध्ये, दुपारी तीनला, त्याचं जाहीर व्याख्यान होतं. विषय, त्याचं प्रमेय. ओदील सकाळच्या गाडीने गेली, तिसऱ्या रांगेत बसली, आणि व्याख्यान संपल्यावर तिने हात वर केला.

"मी फळा वापरला तर चालेल?"

तिसांदिएने तिला ओळखलं. "या, या. माझ्या जुन्या सहकारी," तो सभेला म्हणाला.

तिने सात ओळी लिहिल्या. अक्षर सुरेख होतं, तेरा वर्षांचा सराव होता. तिसांदिए मूर्ख नव्हता. चौथ्या ओळीलाच त्याचा चेहरा उतरला.

"ही... ही चूक माझी नाही," तो म्हणाला.

"मग कुणाची?" ओदीलने विचारलं. एवढ्याच प्रश्नासाठी ती आली होती. आता त्याला एकतर अडाणी ठरायचं होतं, नाहीतर चोर.

रागाच्या भरात त्याने चोर होणं पसंत केलं. "तुमची. ती सिद्धता तुम्हीच लिहिली होती."

मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे, प्रोफेसर, ती तुमची नव्हती?"

ओदीलने बोटांवरचा खडू शांतपणे झटकला. आनंदाने तिचे पाय हलके झाले होते, आणि तो आनंद तिने स्वतःपासूनही लपवला नाही.

बाहेर व्हरांड्यात एक हडकुळा माणूस तिची वाट बघत होता.

"मी केरब्रा. माझं पत्र मिळालं होतं तुम्हाला."

"हो."

"तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"नऊ वर्षांपासून."

"मी दोन वर्षं आकडेमोड तपासली, मादाम. बायको म्हणायची, वेड लागेल तुम्हाला. मग प्रबंध सोडला. आता कोंकार्नोला सार्डिन मासे डबाबंद करायच्या कारखान्यात वाफेच्या झडपा सांभाळतो." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मी आधी बोललो असतो तर तुमची मजा गेली असती. असंच ना?"

"असंच," ओदील म्हणाली.

त्याने मान हलवली, टोपी घातली आणि जिना उतरून गेला.

तिसांदिएची निवड झाली नाही. पाठ्यपुस्तकांतून त्याचं नाव हळूहळू गळलं. शेवटी तो गावाकडे नाशपातीची झाडं लावून राहिला, असं ओदीलच्या कानावर आलं. ते ऐकून तिला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पुढच्या वर्षी तिने प्रमेय दुरुस्त केलं. खबर किती उशिरा आली तर चालेल, याची मर्यादा घालून ते पुन्हा सिद्ध केलं, आणि लेखावर पहिलं नाव केरब्राचं टाकलं, दुसरं आपलं. महिन्याभराने संपादकांनी तिला एक पत्र धाडलं. केरब्राने त्यांना लिहिलं होतं: 'या लेखाशी माझा संबंध नाही. मला न विचारता माझं नाव घातलं आहे. ते काढावं.'

लेख छापून आला, एकट्या ओदीलच्या नावाने. तो घेऊन ती मोर्तोला गेली. लेओंतीनने अंक डोळ्यांजवळ धरून नाव वाचलं.

"चांगलं ठळक आलंय की. मग तोंड का पाडून बसलीयस?"

ओदीलने तिला संपादकांचं पत्र दाखवलं. आईने ते दोनदा वाचलं. "माणूस हट्टी दिसतो," ती म्हणाली.

"नाही. त्याच्या जागी मी असते तर हेच केलं असतं."

लेओंतीनने पत्राची घडी घालून ते तिच्या हातात दिलं आणि ती बटाटे सोलायला उठली.