मोठ्या मशीनपाशी

आमच्या मोज्यांच्या कारखान्यात कुणाला गुपित सांगायचं असेल, तर मोठ्या मशीनपाशी जाऊन बोंबलून सांगायचं. तिथला खडखडाट असा, की कानाशी तोंड नेऊन घसा फोडला तरी तिसऱ्याला पत्ता लागत नाही. इथली निम्मी लग्नं तिथे ठरली, आणि मालकांच्या नकला तर रोज तिथेच होतात.

पगारवाढीसाठी मी मालकांना तिथेच गाठलं. मी मोज्यांच्या जोड्या लावते आणि नव्या आलेल्या मुलींना काम शिकवते, तेव्हा मागण्यात गैर काही नव्हतं. पण खरं कारण वेगळंच होतं. माझा नवरा रात्रपाळीचा वॉचमन. मी घरी पोचते तेव्हा तो निघतो, तो येतो तेव्हा मी निघते. आमचा संसार दारात चपला घालता घालता चाललाय. मला वाढ मिळाली, तर तो रात्रपाळी सोडून कमी पगाराचं दिवसाचं काम धरणार होता. मला नवऱ्यासोबत बसून जेवायचं होतं. हे मालकांना कसं सांगणार? लाज वाटते माणसाला.

"बाजार थंड आहे!" मालक ओरडले.

"मग रविवारी कशाला बोलावता?" मीही ओरडले.

"इथे काय कमी आहे तुला?"

"पगार!"

मालकांना हसू आलं. माणूस वाईट नाही, फक्त खिशात हात घालायची वेळ आली की त्याला नेमकं दुसरं काम आठवतं. ते निघायच्या आत मी सांगून टाकलं, की समोरच्या कारखान्यातून मला बोलावणं आलंय. ते खरंच आलं होतं. मालकांचा चेहरा उतरला. मग ते माझ्या कानाशी वाकले आणि सगळा जोर लावून ओरडले. त्याच क्षणी मशीनची सुई तुटली आणि फिटरने मेन स्विच बंद केला.

"देतो वाढ! पण या बायकांना कळता कामा नये!"

सगळा कारखाना चिडीचूप. शिलाईवरच्या मावशी, आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या, चष्मा कपाळावर सरकवत उठल्या.

"काय कळता कामा नये, मालक?"

"मशीन चालू कर!" मालक फिटरवर खेकसले.

"तुटलेली सुई शोधतोय," फिटर म्हणाला. शोधतोय कसला, सुई त्याच्या हातातच होती!

"सगळ्यांना वाढ दिली तर मलाच अनवाणी फिरावं लागेल," मालक म्हणाले. "त्यापेक्षा कुणालाच नको. हिलाही नको!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. हातातोंडाशी आलेला घास हा माणूस हिसकावून घेत होता.

"मला माझ्या नवऱ्यासोबत जेवायचंय, मालक!" मी त्या शांततेत ओरडले. "लग्न झालंय माझं, पण नवरा दिसतो तो फक्त दारात!"

आधी सगळ्या खो खो हसल्या. मग कुणीच हसेना. कामालाही कुणी हात लावेना. मालकांनी कपाळ पुसलं आणि ते मावशींना म्हणाले, "हिला जेवढी कबूल केली, त्याच्या अर्धी. सगळ्यांना. याच्यावर एक पैसा नाही."

मावशी माझ्याकडे वळल्या. "तुझं नुकसान होतंय गं. चालेल का?"

जीव कळवळला. पण समोर बसलेल्या निम्म्याजणींना मीच हाताला धरून शिकवलं होतं. त्यांच्यादेखत "नको" कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"चालेल," मी म्हणाले, आणि जो काही गलका झाला, त्यापुढे मोठं मशीन काहीच नाही.

अर्ध्या वाढीत अर्ध्याच रात्री सुटल्या. नवरा आता एक दिवसाआड रात्रपाळी करतो, मधल्या रात्री घरी असतो. पहिल्या रात्री आम्ही समोरासमोर बसून जेवलो. मी कारखान्यातली गंमत सांगायला घेतली आणि दमले होते म्हणून सांगता सांगता तिथेच आडवी झाले. सकाळी डोळे उघडले तर हा बाजूला टक्क जागा.

"झोपला नाहीस?"

"सवय कुठे आहे? रात्रभर तुझी राखण केली."

"पगार मिळणार नाही हं."

"पगार राहू दे," तो म्हणाला. "पाळ्या वाढवून दे."