वडील हयात असल्यास

घरात दोनच मुली, त्यामुळे धाकटीला सगळे धाकटीच म्हणत; थोरली लग्न होऊन गेली, तरी ते बदललं नाही. ती एकोणतीस वर्षांची झाली, शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला पाच वर्षं झाली, तरी घरात तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून यायचं, त्यात थेंब टाकायचे, रंग बघायचा आणि वहीत 'योग्य' असं लिहायचं, हे तिचं काम. एकदा तिच्या लक्षात आलं, की टेकडीखालच्या वस्तीतलं पाणी सकाळी योग्य असतं आणि दुपारी नसतं. तिने दोन महिने नोंदी केल्या आणि साहेबांसमोर ठेवल्या. साहेबांनी त्या मन लावून वाचल्या आणि ताबडतोब उपाय केला: तिथले नमुने यापुढे सकाळीच घ्यायचे.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. नळ तोच, टाकी तीच, मग दुपारी होतं काय? हे शिकवणारं विद्यापीठ परदेशात होतं आणि तिथे शिष्यवृत्तीही होती. फी त्यांची, राहणं-जेवण त्यांचं, विमानाचं तिकीट त्यांचं, थंडीचा कोटसुद्धा त्यांचाच. अर्ज तिने भराभर भरत आणला आणि नवव्या प्रश्नाशी येऊन अडकली. 'आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा संघर्ष आणि त्यातून घडलेलं आपलं नेतृत्व यांविषयी दोन पानं लिहा.'

तिने दोन दिवस आठवून पाहिलं. काहीच सापडेना, तेव्हा ती परदेशसरांकडे गेली.

परदेशसर गल्लीच्या तोंडाशी, चष्म्याच्या दुकानाच्या वर बसत आणि परदेशी शिकायला जाणाऱ्यांचे अर्ज भरून देत. स्वतः ते कधी परदेशी गेले नव्हते; लोकांना पाठवण्यातून सवडच मिळाली नाही, असं सांगत. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि एकेक चौकशी केली. वडील? आहेत, छापखान्यात मुद्रितशोधक होते, आता घरीच असतात. आई? बँकेत, काउंटरवर. घर? स्वतःचं. मोठं आजारपण? लहानपणी कांजिण्या. सरांनी पेन खाली ठेवलं.

"अवघड आहे गं तुझं," ते म्हणाले. "तुझ्याकडे दुःखच नाही."

"मी पाण्याबद्दल लिहू का? त्या वस्तीतल्या?"

"पाणी सगळ्यांकडे असतं. डोळ्यांत असेल तर बोल."

डोळ्यांत नव्हतं. सर म्हणाले, काळजी करू नकोस, मी बघतो. चौथ्या दिवशी त्यांनी दोन पानं हातात ठेवली. भावना आपल्या भाषेतच नीट उतरतात, नंतर परकीय भाषेत करून घेऊ, असं त्यांचं म्हणणं. पानांत ती चौदा वर्षांची होती. वादळी संध्याकाळ होती. सरकारी रुग्णालयातल्या खाट क्रमांक सातवर वडिलांनी तिचा हात धरून 'शिकत राहा' म्हणत प्राण सोडला होता, आणि आई लोकांचे कपडे शिवता शिवता दृष्टी गमावून बसली होती.

धाकटीला ते वाचून कसंसंच झालं. पण खरं सांगायचं, तर तिला दुसरंही काही वाटलं. आपल्या घरात एकही धड दुःख नाही, आयुष्यभर आपण नुसते वेळेवर जेवलो, याची तिला लाज वाटली. पानं तिने पिशवीत घातली. फेकली नाहीत.

ती पानं बाबांच्या हाती लागली. सकाळी तिचा डबा ठेवायला त्यांनी पिशवी उघडली आणि छापील कागद दिसल्यावर त्यांना राहवलं नाही. चाळीस वर्षांची सवय. दिसेल ते तपासायचं. संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा बाबा टेबलाशी लाल पेन घेऊन बसले होते आणि आई समोर हाताची घडी घालून.

"ये, बस," बाबा म्हणाले. "मेलो त्याचं काही नाही, पण एकाच परिच्छेदात मी कैलासवासीही झालोय आणि स्वर्गवासीही. नक्की कुठे गेलो ते एकदा ठरव."

त्यांनी सतरा चुका काढल्या होत्या. आईची तक्रार वेगळीच होती. आपण जन्मात कुणाचं बटण शिवलेलं नाही, घरातली सगळी बटणं हेच लावतात, आणि बँकेत तीस वर्षं नोटा मोजल्या त्या काय आंधळेपणाने मोजल्या, असं तिने विचारलं. धाकटी मान खाली घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, हे पाठवायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. आणि थोड्या वेळाने, न पाठवायचंही ठरवलं नव्हतं.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. "तुझं काम होणार असेल तर पाठव," ते म्हणाले. "माझं काय जातंय?"

ते अगदी मनापासून बोलले, आणि त्यामुळेच तिचा धीर सुटला. ती मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि नवव्या प्रश्नाखाली लिहिलं, की माझे आईवडील सुखरूप आहेत, मी कधी उपाशी राहिले नाही आणि माझ्या हाताखाली कुणी नाही, त्यामुळे नेतृत्वाचा प्रश्न येत नाही. पुढची दोन पानं तिने टेकडीखालच्या नळांवर लिहिली. परदेशसरांना कळलं, तेव्हा ते म्हणाले, की असा अर्ज करण्यापेक्षा पोस्टाचा खर्च वाचवायचास.

तीन महिन्यांनी मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखत पडद्यावर होती. पलीकडे तिघे होते आणि मधल्या पिकल्या केसांच्या प्राध्यापिका बोलत होत्या. पहिलाच प्रश्न त्यांनी वडिलांचा विचारला.

"आहेत," धाकटी म्हणाली.

"म्हणजे हयात?"

"मघाशी तरी होते. बाहेर पेपर वाचताहेत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बाईंनी सांगितलं, की या वर्षी तुमच्या शहरातून चौदा अर्ज आले आहेत. त्यांतल्या तेरा जणांचे वडील वादळी संध्याकाळी, खाट क्रमांक सातवर वारले. समितीतल्या एकाला आधी भीती वाटली होती, की त्या रुग्णालयाची चौकशी लावावी लागेल. यानंतर अर्धा तास कुणी घरचा विषय काढला नाही. दुपारची उष्णता, उथळ पुरलेले पाइप, त्यांत उडून जाणारं क्लोरीन, असं बोलणं चाललं आणि धाकटी प्रथमच कुणाशी तरी त्यावर पोटभर बोलली.

निवड झाली. मात्र दुधाने तोंड पोळलेली समिती आता ताकही फुंकून पीत होती, त्यामुळे पत्रात एक कलम होतं: वडील हयात असल्यास तसा दाखला जोडावा.

बाबा स्वतः कचेरीत गेले. कारकुनाने विचारलं, दाखला निवृत्तिवेतनासाठी हवा की विम्यासाठी? शिष्यवृत्तीसाठी, असं बाबा म्हणाले. तो रकाना नव्हता. छापखाना खासगी, निवृत्तिवेतन नाही, त्यामुळे बाबा जिवंत असल्याची कचेरीकडे आजवर काही नोंदच नव्हती. मी समोर उभा आहे, हे बाबांनी निदर्शनास आणलं. कारकून म्हणाला, ते दिसतंय, पण दिसणं जोडता येत नाही, साक्षीदार आणा. आई पुढे झाली. नातेवाईक चालत नाही, त्याने सांगितलं. ओळखीचा, जवळपास व्यवसाय असलेला आणि शिक्का असलेला माणूस हवा.

गल्लीत शिक्का एकाचकडे होता.

बाबा चष्म्याच्या दुकानाचा जिना चढले. धाकटी मागून गेली. बाबांनी फॉर्म पुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "मी जिवंत आहे, एवढं लिहून द्या."

परदेशसरांनी फॉर्म वाचला, बाबांकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण हात थांबला नाही. 'सदर गृहस्थांना मी व्यक्तिशः ओळखतो' याखाली त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि फुंकर घालून शाई वाळवली. मग धाकटीला म्हणाले, की बाकीचे तेरा जण रोज येऊन बसतात, त्यांना काय सांगू कळत नाही. ती म्हणाली, खरं सांगा. सर विचारात पडले. पुढच्या वर्षी सुखी कुटुंबाला मागणी येईल असं वाटतं का, असं त्यांनी तिला अगदी गंभीरपणे विचारलं.

महिनाभरात सगळं उरकलं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी निरोपाचं भाषण केलं आणि तिची जागा भरायची गरज नाही, असं त्यातच सांगून टाकलं. निघायच्या दिवशी टॅक्सी आली, तेव्हा तिघेही मागच्या सीटवर बसले. धाकटी मध्ये, तिच्या मांडीवर बॅग, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, दार कसंबसं लागलं. ड्रायव्हर म्हणाला, एक जण पुढे या, मोकळं बसा. तिघांपैकी कुणी हललं नाही. त्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि गाडी सुरू केली.