शांत वेळेचं कार्ड

पांढुर्ण्याच्या मंडळीत एकूण तेवीस घरं, आणि या तेवीस घरांत शांतता म्हणाल तर औषधालाही नव्हती. हे हेमराज पाळकांच्या लक्षात आलं ते नागपूरच्या तीन दिवसांच्या शिबिरात. तिथे त्यांना कुणीतरी सांगितलं की ख्रिस्ती माणसाने रोज पहाटे अर्धा तास गप्प बसावं, देवाशी बोलावं आणि मुख्य म्हणजे देवाचं ऐकावं. पाळकांना हे इतकं पटलं की परतल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी गप्प बसण्यावर सव्वा तास प्रवचन दिलं.

प्रवचनाच्या शेवटी योजना जाहीर झाली. चाळीस दिवस, पहाटे पाच ते साडेपाच, घरातल्या सगळ्यांनी एका खोलीत शांत बसायचं. प्रत्येक घराला एक पिवळं कार्ड. कार्डावर माणसांची नावं, नावापुढे चाळीस चौकोन, आणि जो बसला त्याच्या चौकोनात खूण. एखादा चौकोन कोरा राहिला तर कारण सांगायचं, पाळकांना पटलं तर माफ. आणि ज्या घराचं कार्ड भरेल त्या घरातलं एक लेकरू युवक रविवारी पुलपिटावर उभं राहून बोलेल. म्हणजे जिथून पाळक बोलतात, तिथूनच. त्याच माइकवरून.

माइक हा शब्द ऐकल्याबरोबर तिसऱ्या रांगेत पल्लवी ताठ बसली.

पल्लवी अकरावीत. मागच्या वर्षापर्यंत हजेरीला तिचं "हजर सर" शेजारची मुलगी म्हणायची, इतकी ती अबोल. मग शाळेच्या भाषण स्पर्धेत कुणाला तरी ताप आला, बाईंनी हिला ढकललं, आणि ही पोरगी सौंसरला तहसिलीच्या स्पर्धेत दुसरा नंबर घेऊन आली. आपल्याला आवाज आहे हे त्या दिवशी तिला कळलं. गल्लीला कळायलाही फार वेळ लागला नाही. ती आता भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा मध्ये थांबून डावीकडे आणि उजवीकडे बघायची. आणि त्या पुलपिटावर आजवर एकही मुलगी चढली नव्हती. तिला तिथे चढायचंच होतं.

घरी माणसं तीन, म्हणजे भरायचे चौकोन एकशे वीस. बाबांची चिंता नव्हती. तिचे बाबा, प्रफुल्ल, संत्र्याच्या मंडीत बोली पुकारायचे. दिवसभर ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवणारा माणूस, पण उत्साहाला तोटा नाही. पहिल्या दिवशी पावणेपाचला त्यांचा गजर वाजला, मग पल्लवीचा, मग पुन्हा त्यांचा. त्यांनी आंघोळ केली, घसा साफ केला, खुर्ची ओढली, पंखा लावला, पंखा बंद केला, आणि मग "आता शांत बसाचं बरं" असं इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. त्यानंतर शास्त्रपाठ. मंडीची सवय जाते कुठे? प्रत्येक वचन ते तीनदा म्हणत, दर वेळी आवाज जरा चढवत, आणि तिसऱ्यांदा म्हटल्यावर खोलीभर बघत, कुणी बोली वाढवतंय का ते पाहावं तसं.

चिंता होती आईची.

आई, अमिता, अंगणवाडीत. दिवसभर चाळीस लेकरं, संध्याकाळी दोन मोठी. त्यांच्या गल्लीत नळ येतो पहाटे पाचला आणि जातो साडेपाचला, अगदी पाळकांनी विचारून ठेवल्यासारखा. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, तुम्ही बसा, मी पाणी भरते. दुसऱ्या दिवशी तेच. अकरा दिवस झाले, बाबा आणि पल्लवीच्या ओळीत खुणांची रांग लागली, आणि मधली ओळ पावसाळ्याआधीच्या शेतासारखी कोरी.

बाबा म्हणाले, मारून टाक खुणा, ती घरातच तर असते. पण खोट्या खुणांवर उभं राहून खऱ्या देवाबद्दल काय बोलणार, असं पल्लवीला वाटलं, आणि हे वाक्य तिला इतकं आवडलं की तिने ते भाषणाच्या वहीत लिहून ठेवलं. मग तिने घरात बैठक बोलावली. ठरलं असं की आईने आत बसायचं, पाणी बाबा भरणार.

ते पाच दिवस गल्ली विसरणार नाही. बाबा नळावर गेले की नळालाही बोली लागायची. "आला, आला, पाणी आला" असं ते ओरडत. ड्रम भरून वाहायचा, पाणी समोरच्या सुधाकरकाकांच्या ओट्यावर चढायचं, आणि सुधाकरकाका दारात येऊन विचारायचे की प्रफुल्लभाऊ, आमच्या घरी बाप्तिस्मा पोचवून राहिले काय? आत आई डोळे मिटून बसलेली, पण तिचे कान बाहेर. आईचे चौकोन मात्र भरले, पाचच्या पाच; बाबांचे तेवढे कोरे राहिले, ते माफ होतील असं पल्लवीने धरलं.

आई मात्र आतून रिकामी होत चालली. भाजीत दोनदा मीठ पडलं, वरणात पडलंच नाही. अंगणवाडीतून आल्यावर ती बोलायची नाही, आणि बोलली तर टोचून बोलायची. जी बाई कधी कुणावर आवाज चढवत नाही ती एका संध्याकाळी डब्याच्या झाकणावर ओरडली. पल्लवीने मनात म्हटलं, प्रार्थनेची सवय नाही ना, होते हळूहळू.

सतराव्या दिवशी बाबा भिजून भिजून शिंकायला लागले, आणि आई पुन्हा नळावर गेली. पल्लवीला पुलपीट हातातून निसटताना दिसलं. सव्वापाचला ती मागच्या दाराने बाहेर आली. सांगणार होती, आई, तू आत जा, मी भरते.

सांगितलं नाही. आई पालथ्या बादलीवर बसली होती. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, हात मांडीवर उघडे. ओठ जेमतेम हलत होते. ड्रममध्ये पाईप सोडलेला. पल्लवी उभी राहिली. पाण्याचा आवाज जाड व्हायला लागला तशी आईने डोळे न उघडताच हात लांब करून पाईप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला आणि पुन्हा तशीच बसली. चेहरा असा, की पल्लवीला वाटलं आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलो.

नळ गेला तेव्हा आईने डोळे उघडले. पोरीला बघून ती दचकली नाही, पण जरा लाजली.

"किती दिवसांपासून?" पल्लवीने विचारलं.

"लग्न होऊन आली तेव्हापासून," आई म्हणाली. "रामाकोन्याले, माहेरी, आम्ही विहिरीवर जाऊ, तिथं तर बायांची जत्रा. इथंसा मले हा नळ भेटला. नळ चालू असला का कोणी मले हाक नाही मारत. पाणी भरून राहिली म्हटलं का संपलं. तुह्या आजीनंबी कधी नाही मारली."

"मग सांगितलं काऊन नाही? चौकोन भरले असते ना."

आईने बादली सरळ केली. "सांगितलं तर तुहे बाबा इथं खुर्ची आणून बसतीन," ती म्हणाली. "सांगजो नको कोणाले."

आता ही गोष्ट बाबांपुरती असती तर ठीक होतं. खरी भीती पाळकसाहेबांची. माणूस म्हणून ते वाईट नाहीत, पण चांगली गोष्ट दिसली की तिची समिती केल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. तिगावच्या सुशीलाबाईंचंच घ्या. दोन महिन्यांपूर्वी त्या बोलता बोलता बोलून गेल्या की तांदूळ निवडताना माझी प्रार्थना फार छान होते. पुढच्या गुरुवारी सुशीलाबाईंच्या पडवीत नऊ बाया आपापली सुपं घेऊन हजर, सोबत एक ढोलकी, आणि सगळं टिपायला स्टँडवर फोन. त्याला नाव पडलं तांदूळ-प्रार्थना. चार गुरुवार ती चालली. आता सुशीलाबाईंच्या घरी पाकिटातले निवडलेले तांदूळ येतात.

चाळिसावा दिवस उलटला आणि रविवार आला. उपासनेनंतर पाळकांनी कार्डं वाचायला घेतली. बऱ्याच घरांनी आठव्या-नवव्या दिवशीच दम टाकला होता. एका घराने कार्ड हरवलं होतं, एकाचं बकरीने खाल्लं होतं. पूर्ण भरलेलं कार्ड एकच निघालं, वीरेंद्रकाकांच्या घरचं. चाळीस दिवसांच्या सगळ्या खुणा एकाच निळ्या शाईच्या, एकाच बाजूला कललेल्या, जणू एका दमात पळत सुटलेल्या. वीरेंद्रकाकांच्या फाटकावर दूधवाला साडेसातपर्यंत दगड वाजवत असतो, पण दूधवाला काही मंडळीचा सभासद नाही, त्याला कोण विचारतो? त्यांची हिमानी आत्ताच केस सावरायला लागली होती.

मग पाळकांनी पल्लवीच्या घरचं कार्ड उचललं आणि चष्मा वर केला. म्हणाले, पल्लवीचा एक चौकोन कोरा, प्रफुल्लभाऊंचे पाच, ते मी माफ केले; मधल्या ओळीत मात्र पाचच खुणा. पण आपली पल्लवी सौंसरला बोलून आलेली मुलगी, युवक रविवारी तिने बोलावं असं मलाही वाटतं. बहीण अमिताचं कारण पटण्याजोगं असेल तर मी ते चौकोन माफ करतो.

"सांग पल्लवी," ते म्हणाले. "पहाटे पाचला आई कुठं असते?"

पल्लवी उभी राहिली. सगळ्या माना तिच्याकडे. आई मात्र खाली बघत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. पल्लवीच्या तोंडात सगळं तयार होतं, पालथी बादली, उघडे हात, मिटलेल्या डोळ्यांनी बदललेला पाईप. कुठे थांबायचं तेसुद्धा ठरलेलं होतं. तिला माहीत होतं, हे सांगितलं तर अर्धी मंडळी रडेल. पुलपीट तिचंच. आणि सोमवारी पहाटे पाचला त्यांच्या नळावर वीस बाया, वीस बादल्या आणि ती ढोलकी.

"पाणी भरते," ती म्हणाली.

पाळकांनी कार्ड खाली ठेवलं. "आणखी काही?"

"नाही पाळकसाहेब. पाणी भरते."

हे खोटं होतं का, याचा निकाल पल्लवीला अजून लागलेला नाही. पण चर्चभर एक लांब उसासा गेला. एक बाई म्हणाली, बिचारी. दुसरी म्हणाली, संसारात गुंतलं की असंच होतं. चौकोन काही माफ झाले नाहीत, पाणी तर घरोघर भरतात; पण पाळकांना गहिवरून आलं. त्यांनी मंडळीला उभं केलं आणि बहीण अमिताला प्रार्थनेसाठी रोज थोडा तरी वेळ मिळावा, म्हणून प्रार्थना सुरू केली. ती अकरा मिनिटं चालली. नळाचा उल्लेख तीनदा झाला, घरकामाच्या बेड्यांचा चारदा. आई मान खाली घालून उभी होती. आठव्या मिनिटाला तिचे खांदे हलायला लागले. मागच्या बायांना वाटलं, पाझर फुटला. पल्लवी शेजारीच होती, तिला आईचा चेहरा दिसत होता. आई ओठ दाबून हसू आवरत होती.

युवक रविवारी हिमानी बोलली. वीरेंद्रकाकांनी लिहून दिलेलं, चार मिनिटं, पहाटे उठण्याच्या महत्त्वावर. तिला दोनदा जांभई आली. पल्लवीने सतरंजीवर बसून टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर तिला खूप वाईट वाटलं. घरी येऊन तिने भाषणाची वही कपाटात सगळ्यात खाली, थंडीच्या कपड्यांच्या आत घातली.

गोष्ट इथे संपली असती. पण त्या अकरा मिनिटांच्या प्रार्थनेने एका माणसाचं हृदय खरोखर पालटलं होतं. जेवताना बाबांनी घास खाली ठेवला. आठवडाभर मनात चालू होतं, म्हणाले. सगळी मंडळी तुह्यासाठी रडली अमिता, आणि मी नवरा असून मस्त खुर्चीत बसून होतो. चाळीस दिवस संपले म्हणून काय झालं, आपली शांत वेळ तर चालूच राहणार. उद्यापासून पाणी ते भरणार. कायमचं. नळाला मोटार लावायचीही बोलणी करून आले होते.

आईच्या हातातली पोळी तव्याच्या वरच थांबली. तिने पल्लवीकडे बघितलं.

पल्लवी ताटावरून उठली. सौंसरला उभी राहिली होती तशी उभी राहिली, आणि बोलली. बाबा, मोटार लागली तर गल्लीतल्या बाकीच्यांना पाणी मिळणार नाही, आणि सुधाकरकाका या वेळी नुसतं विचारून थांबणार नाहीत. बाबा, पाणी कुणीही भरेल, पण शास्त्रपाठ करणारा आवाज या घरात एकच आहे. तुम्ही वाचता तेव्हा एकेक वचन कसं डोक्यात बसतं! तुम्ही नळावर गेलात तर इथे कोण वाचणार? आणि मला ऐकल्याशिवाय दिवस जाणार नाही. इथे तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. समोर श्रोता एकच होता, पण त्याचे डोळे भरून आले होते.

"रोज ऐकशील?" बाबांनी विचारलं. "चाळीस दिवस नाही, रोज?"

पल्लवीने मनातल्या मनात पहाटेची ती खुर्ची, तो पंखा, ते तीन-तीनदा चढत जाणारं वचन आठवलं. बारावीपर्यंत. कदाचित लग्न होईपर्यंत.

"रोज," ती म्हणाली.

"मग मोठ्यानं वाचू?"

"मोठ्यानंच वाचा बाबा. मागचं दार लावून घेत जाऊ."