शकुनाचं दही

भावाला, आनंदला, दुर्बिणीच्या तपासणीसाठी तयार करता करता राजश्रीचा अख्खा उन्हाळा गेला होता. वडील आणि काका, दोघेही जठराच्या कर्करोगाने ऐन उमेदीत गेले; घरात मात्र त्या दुखण्याला शेवटपर्यंत 'पित्त'च म्हटलं गेलं. जबलपूरच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या राजश्रीने आधी स्वतःची जनुकीय चाचणी करून घेतली, मग आनंदची करवली. आनुवंशिक दोष दोघांतही निघाला. जठरच काढून टाकणं सर्वांत सुरक्षित, असं डॉक्टर म्हणाल्या; ते होत नसेल तर निदान दरवर्षी दुर्बिणीने तपासायचं. राजश्रीने दरवर्षीच्या तपासणीला होकार दिला. आनंदने नुसती मान हलवली.

ठरल्या सकाळी ती ग्वारीघाटाजवळच्या आपल्या घरून थेट दवाखान्यात आली. आनंद आईसोबत आधीच येऊन बसला होता आणि नको तितका खुशीत होता.

"ताई, आज कॅन्सल."

"काहून?"

उत्तर डॉ. मीरा खांडेकरांनी दिलं. "दही खाऊन आलेत. पोट रिकामं नसताना गुंगीचं औषध देणं धोक्याचं, अन् आतलंही नीट दिसणार नाही."

राजश्रीने आईकडे पाहिलं. सुमित्राबाई ओशाळून म्हणाल्या, "अगं, मोठ्या कामाला निघाला, म्हणून हातावर दही-साखर ठेवली. ते काय खाणं झालं? शकून असतो तो."

"मी वाटीभर शकून खाल्ला," आनंद म्हणाला. "चलो, पुढच्या महिन्यात पाहू. नर्मदामैयाचीच मर्जी दिसून राहिली."

तो पुढचा महिना कधीच उजाडणार नाही, हे राजश्री जाणून होती. आनंदनंतर तिचाच नंबर होता आणि ती उपाशीच आली होती.

"डॉक्टर, आधी मला घ्या. हा दुपारी."

"तोवर पोटात काही जाता कामा नये. नजर कोण ठेवणार?"

"आई. शकून तिनेच दिलाय."

तपासणीनंतर ती शुद्धीवर आली, तेव्हा आनंद खाटेशी उभा होता. चेहऱ्यावरची खुशी पार उतरली होती.

"दुखलं?"

"झोपले होते रे. कळलंसुद्धा नाही."

तो खाटेच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "बाबांचे हाल मी पाहिलेत, ताई. माझ्या आत काय आहे, ते मला पाहायचंच नाही."

"तू नकोच पाहू. तू झोप. पाहायला डॉक्टर आहेत."

दुपारी डॉक्टरांनी त्याच्या जठराची घडी न् घडी उलगडून पाहिली आणि जागोजागचे बारीक तुकडे तपासायला काढले. नजरेला सारं स्वच्छ दिसत होतं. आठवड्याने अहवाल आले. राजश्रीचे तुकडे निर्दोष निघाले. आनंदच्या एकाच तुकड्यात, सूक्ष्मदर्शकाखाली, कर्करोगाच्या मूठभर पेशी सापडल्या.

राजश्री समजुतीचे शब्द जुळवत होती, तेवढ्यात आनंदच म्हणाला, "काढून टाका. जठराविना माणसं जगतात ना? मग मीही जगीन."

शस्त्रक्रिया नागपूरला झाली. काढलेल्या जठराचा अहवाल आला, तेव्हा सर्जन स्वतः वॉर्डात आले. रोग आतल्या अस्तरापलीकडे गेलाच नव्हता. जठराभोवतालच्या लसीकाग्रंथीही स्वच्छ होत्या. पुढे कोणतेही औषधोपचार लागणार नव्हते. सुमित्राबाई भर वॉर्डात मोठ्याने रडल्या आणि त्यांना कोणीही थांबवलं नाही.

चमचाभर पेज संपवून आनंदने फोन मागितला. पाटणला काकांचा मुलगा वेदांग होता. त्याने अजून जनुकीय चाचणीसाठी साधं रक्तही दिलं नव्हतं.

"कारणं सांगू नकोस, वेदांग," आनंद थकल्या पण ठाम आवाजात म्हणाला. "माझ्याकडे तुझ्याहून चांगली होती."