बिनझोपेची गोळी

तलवाड्याच्या गहिनीनाथच्या अंगावर पित्त उठलं की बघायलाच नको. मांडीपासून मानेपर्यंत लालभडक गांध्या. जीप चालवताना एक हात स्टेअरिंगवर, दुसरा बगलेत. मागल्या वर्षी खाज थांबावी म्हणून दुकानातली कसलीशी जुनी गोळी घेतली. खाज थांबली, पण गडीबी थांबला. बाभळीखाली जीप लावून असा घोरला, की मागं बसलेल्या लेकीची, सत्यशीलाची, भरतीची परीक्षा हुकली.

आता तीच परीक्षा पुन्हा आलती. सोमवारी, गेवराईत, अकरा वाजता. अन् शनिवारी बापाच्या अंगावर पुन्हा गांध्या.

बायकोनं, छबुबाईनं, गेरू फासला, वर घोंगडं टाकलं. नवरा पोळ्याच्या बैलावानी दिसायला लागला, खाज तेवढीच. शेवटी डॉक्टर गाठला.

"रोज एक गोळी," डॉक्टर म्हणाले. "हिनं सहसा गुंगी येत नाही. तरी पहिली घरीच घ्या, दिवसभर बघा, मगच गाडी."

रविवारी सकाळी गोळी गिळून गहिनीनाथ उशी घेऊन आडवा झाला. दुपार झाली. डोळे टक्क उघडे.

"नकली हाय ही. झोपच न्हाई!"

"अन् खाज?" छबुबाईनं इचारलं.

"खाज कुठं हाय? पण झोप न्हाई तर गोळी लागू कशी पडंल? अजून एक घेतो."

"हात तोडीन तुमचा. रोज एक म्हणलेत डॉक्टर." तिनं पाकीट कमरेच्या पिशवीत कोंबलं. "सदरा काढा बरं." पाठीवर एक गांधी न्हाई.

सोमवारची गोळी घेऊन गडी जीपवर बसला. तरी छबुबाईचा त्याच्यावर भरवसा न्हाई. ती शेजारी बसली, मांडीवर गार पाण्याचा तांब्या.

"डोळा मिटला की ओतलाच."

"पापणी लवलेली चालती का?" तो दर मैलाला इचारायचा. सत्यशीला मागं हसू दाबत वही चाळायची.

साडेदहाला जीप केंद्रापुढं थांबली. पोरगी पाया पडून आत गेली. तसं गहिनीनाथनं हळूच चावी काढली, मान स्टेअरिंगवर टाकली अन् घर्रर्र घोरला.

तांब्या रिकामा झाला.

"अगं येडे, चेष्टा केली म्या!"

"ठावं हाय," छबुबाई पदरानं तांब्या पुसत म्हणली. "हे त्या बाभळीखाली ओतायचं ऱ्हायलं व्हतं."